ओले बूट आणि सोनेरी शिंपले

वाचकहो, आपल्या न्यूझीलंडात दिवाळी आणि लेबर वीकेंड बहुधा आगेमागेच येतात. स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या बाहेर निघतो आणि गॅरेजमधून गळाच्या काठ्या, कयाक, पॅडलबोर्ड, लाइफ जॅकेटं. बहुतेक नद्यांवर ट्राउटचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडलेला असतो. आपल्या मंडळातही गळ टाकणारे आता पुष्कळ झाले आहेत, आणि मुलांना तर पाणी दिसलं की बादली हवीच असते. म्हणून यंदाच्या सदरात त्या बादलीबद्दल चार गोष्टी सांगणार आहे.

मे २०२३ मध्ये वायकाटो नदीवर, कारापिरो तळ्याकाठच्या बॉब्ज लँडिंग या उतारावर एक शिंपला सापडला. सोनेरी-पिवळट रंगाचा, अंगावर गोल गोल वळ्या असलेला, फार तर दोन-तीन सेंटिमीटरचा. पूर्व आशियातला गोड्या पाण्यातला हा शिंपला, शास्त्रीय नाव कॉर्बिक्युला, न्यूझीलंडात त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. नंतरच्या तपासणीत तो नदीच्या बऱ्याच लांब पट्ट्यात निघाला, म्हणजे तो कुणाच्या लक्षात न येता आधीपासून मुक्कामाला होता. वायकाटोतून तो आता समूळ काढता येणार नाही, हे तज्ज्ञांनी मान्य केलं आहे. २०२४ मध्ये तो न्यू प्लिमथच्या रोटोमानू तळ्यातही सापडला. वायकाटोतून तारानाकीत जाणारा पाण्याचा रस्ता नाही. तो कुणाच्या तरी सामानाबरोबर गेला असणार.

कोकणातल्या मंडळींना वाटेल, शिंपल्याला काय घाबरायचं! तिसऱ्या आणि खुबे खाऊन मोठी झालेली आपण माणसं. पण याची रीत वेगळी आहे. तो एकाच देहात नरही असतो आणि मादीही, आणि स्वतःच स्वतःचं फलन करतो. जोडीदार लागत नाही. पिल्लं तो आपल्या कल्ल्यांत वाढवतो आणि तयार झाली की पाण्यात सोडतो. इथल्या बायोसिक्युरिटी खात्याच्या माहितीप्रमाणे एक शिंपला दिवसाला सुमारे ४०० आणि वर्षाला ७०,००० पर्यंत पिल्लं सोडू शकतो. सुटलेलं पिल्लू वाळूच्या कणाएवढं असतं. म्हणजे नव्या तळ्यात वसाहत व्हायला बुटाच्या तळव्यातला एक कण पुरतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म एवढंच आहे, बाकी तपशील.

वायकाटो ही ४२५ किलोमीटरची, देशातली सगळ्यात लांब नदी. टाउपोतून निघून ती आठ धरणं ओलांडते, त्यातलं शेवटचं कारापिरो. पुढे हॅमिल्टन तिचं पाणी पितं आणि टुआकाउजवळून २००२ पासून ऑकलंडही पितं. हा शिंपला गर्दी करतो तेव्हा पाइप, जाळ्या, थंड पाण्याच्या नळ्या बुजवतो. पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खातो, आणि इथल्या मूळच्या शिंपल्याचं पोटही त्याच अन्नावर चालतं. त्याचं नाव काकाही. हसू नका, माओरीत ते गंभीर नाव आहे! काकाही सावकाश वाढतो, पन्नास वर्षंसुद्धा जगतो, आणि त्याच्या पिल्लांना लहानपणी एखाद्या स्थानिक माशाच्या अंगावर बसूनच प्रवास करावा लागतो. मासा कमी झाला की काकाही कमी. असा सावकाशीचा संसार करणारा जीव, शेजारी दिवसाला चारशे पिल्लं सोडणारा आला, तर किती टिकणार?

आता जिवंत आमिषाकडे येतो. अमेरिकेतल्या महासरोवरांत झेब्रा शिंपला १९८८ मध्ये सेंट क्लेअर तळ्यात सापडला. तिथे त्याला आणलं जहाजांच्या पोटातल्या बॅलास्टच्या पाण्याने. पण महासरोवरांतून आतल्या शेकडो लहान तळ्यांत जहाजं जात नाहीत. तिथे त्याला नेलं ट्रेलरवरच्या बोटींनी, त्यांच्या तळाशी साचलेल्या पाण्याने, चाकात गुंडाळलेल्या शेवाळाने, आणि आमिषाच्या बादल्यांनी. एका तळ्यात छोटे मासे धरायचे, त्याच पाण्यात जिवंत ठेवायचे, दिवस संपला की उरलेले दुसऱ्या तळ्यात ओतायचे. बादलीत डोळ्यांना दिसतात मासे. झेब्रा शिंपल्याची तरंगती पिल्लं दिसत नाहीत. ओतणाऱ्याला तर वाटतं, आपण जीवदान दिलं.

झेब्रा शिंपला न्यूझीलंडात नाही. टाउपोत आमिष लावायलाच बंदी आहे, फक्त बनावट माशी किंवा चमचा चालतो. पण बादली, बोटीतली टाकी, वेकबोटींचं बॅलास्ट, ओला दोर, नांगराचा चिखल, हे सगळं आपल्याकडेही आहे. २००४ मध्ये साउथलंडच्या वायाउ नदीत डिडिमो हे शेवाळ सापडलं आणि पुढच्या वर्षी सबंध साउथ आयलंड नियंत्रित क्षेत्र ठरलं. नमद्याच्या तळव्याचे बूट, जे कितीही पिळले तरी ओले राहतात, ते २००८ पासून गोड्या पाण्यातल्या मासेमारीत बंद झाले.

आपणही निर्यात केली आहे बरं का. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय, जेमतेम काही मिलिमीटरची, १९८७ मध्ये अमेरिकेतल्या स्नेक नदीत सापडली. तिथल्या सगळ्या माद्याच, नराशिवाय पिल्लं घालणाऱ्या. आज अमेरिकेत गळ टाकणाऱ्यांना बूट धुवायला सांगणाऱ्या पाट्यांवर न्यूझीलंडचं नाव असतं. मला ही हकीकत आवडते, कारण परक्यांची भीती घालणाऱ्या भाषणांना ती चांगलं उत्तर आहे.

यावर थोडं बोलायलाच हवं. आपल्या घरांतल्या मुलांना ‘परकी आक्रमक जात’ हे शब्द शाळेत ऐकताना कुठेतरी टोचतं. अमेरिकेत हाच कॉर्बिक्युला ‘आशियाई शिंपला’ म्हणून ओळखला जातो. १९३८ मध्ये तो कोलंबिया नदीत जिवंत सापडला, आणि चिनी स्थलांतरितांनी खाण्यासाठी आणला असावा असं सांगितलं जातं. आणला असेलही. पण पुढे तो देशभर पसरला त्यात आमिष, वाळू आणि बोटी यांचा हात मोठा. न्यूझीलंडच्या खात्याने ‘गोल्ड क्लॅम’ हे नाव वापरलं, हे मला शहाणपणाचं वाटतं. आणि ट्राउट तरी कुठे इथला? तपकिरी ट्राउट १८६७ मध्ये टास्मानियातून आला, इंद्रधनुषी १८८३ मध्ये कॅलिफोर्नियातून. तोही अंड्यांच्या पेटीतून आलेला पाहुणा. प्रश्न कोण कुठून आलं याचा नाही. आलेल्याला आवरता येतं की नाही याचा आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी आज उजनीत काय करते हे भीमेकाठच्या कोळ्यांना विचारा. मुळा-मुठेतली जलपर्णी तर पुणेकरांना सांगायला नको.

रोटोरुआजवळचं ओकाताइना तळं सप्टेंबर २०२३ मध्ये नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, शिंपला येण्याआधीच. ते वाचताना मला महाडजवळची वाळण कोंड आठवली, काळ नदीतला वरदायिनीचा डोह. तिथल्या माशांना कुणी हात लावत नाही. पाट्या नाहीत, दंड नाही, देवीचा धाक आहे. इथे माओरी राहुई घालतात, जागा काही काळ बंद ठेवतात. सरकारी नोटीस त्यामानाने रुक्ष वाटते, पण तिच्यामागे १९९३ चा बायोसिक्युरिटी कायदा आहे. घातक जीव जाणूनबुजून पसरवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा एक विनंती कोकणी घरांना विशेष. कारापिरोच्या काठी वाळूत हे शिंपले दिसले तर रस्सा डोळ्यांपुढे येणं साहजिक आहे. पण ते घरी आणू नका. पाण्यातली घाण ते अंगात साठवतात, आणि ते हलवणं बेकायदा आहे. मत्स्यटाकीतले मासे कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडायचे नाहीत, ते वेगळं सांगत नाही.

बाकी काम सोपं आहे. पाण्यातून निघताना बूट, जाळी, ट्रेलर नीट पाहा, चिकटलेलं शेवाळ आणि चिखल तिथेच काढा. बोटीतलं आणि बादलीतलं पाणी तिथेच ओतून टाका. घरी आल्यावर गवतावर धुवा, गटारात नव्हे. मग सगळं हाताला कोरडं लागेपर्यंत वाळवा, आणि कोरडं लागल्यावर आणखी ४८ तास थांबा. लोक इथेच घाई करतात. शनिवारी कारापिरो आणि रविवारी रोटोरुआ असा बेत असेल तर दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी कोरडे बूट उसने मागा. मुलांच्या वाळूच्या बादल्याही यात धरा, आणि कुत्र्याचा पट्टाही. नव्या ठिकाणी संशयास्पद शिंपला दिसला तर त्याचा फोटो घ्या, जागा नेमकी टिपून ठेवा, आणि ०८०० ८० ९९ ६६ वर कळवा. फोटोत शेजारी एखादं नाणं ठेवलंत तर आकार लगेच कळतो.