टाकीत तो स्वतःहून उतरत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही एका तालुक्याच्या गावी अभ्यासवर्गाला गेलो होतो. कॉलनी आपल्याच लोकांची. निवृत्त शिक्षक, कारकून, एस.टी.तले, बँकेतले. दारावर पंचशील ध्वज, दिवाणखान्यात तथागत आणि बाबासाहेब. ज्या काकांकडे वर्ग होता, त्यांच्या परसात संडासाची टाकी उपसण्याचं काम चाललं होतं. गाडीने वरचं पातळ ओढून घेतलं होतं आणि तळाला घट्ट गाळ उरला होता. ठेकेदार म्हणाला, "हा गाळ पाइप ओढत नाही. पोरगं उतरेल, वरचे पाचशे द्या." पोरगं म्हणजे विशीतला मुलगा. चड्डीवर, कमरेला दोरी, बस. काका पाकीट काढत होते.

आम्ही मध्ये पडलो. काका चिडले. "अरे बाळा, मी कुठं त्याला उतर म्हटलं? मी ठेका दिलाय. कसं करायचं ते ठेकेदार बघेल." मग आमचा चेहरा बघून समजुतीच्या सुरात हळूच म्हणाले, "आणि तो आपल्यातला नाही रे."

त्या मुलाची जात आम्ही विचारली नव्हती. काकांनी विचारून ठेवली होती.

काकांचं पहिलं वाक्य आज आपल्या घराघरात आहे, म्हणून आधी त्याचाच हिशोब करू. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा 6 डिसेंबर 2013 रोजी लागू झाला. तारीख वाचकांना सांगायला नको. त्याचं कलम 7 म्हणतं की कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था वा एजन्सी गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कुणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामावर लावणार नाही. यातले 'व्यक्ती' आणि 'अप्रत्यक्षपणे' हे दोन शब्द नीट वाचा. घरमालक व्यक्ती आहे आणि ठेकेदारामार्फत लावणं अप्रत्यक्ष आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ठेका दिला म्हणजे हात धुतले, असं या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आणि हे फक्त कागदावरचं नाही. डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी गृहनिर्माण सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर 2021 मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी दहा लाख रुपये द्यायला लावले. सोसायटी खासगी, ठेकेदार खासगी, म्हणून मरणही खासगी, हे न्यायालयाने मानलं नाही. पुढे 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई तीस लाखांवर नेली.

सरकारने मात्र शब्दांची वेगळी सोय करून ठेवली आहे. जुलै 2021 मध्ये हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असं लेखी उत्तर राज्यसभेत देण्यात आलं. उत्तर देणारे सामाजिक न्याय राज्यमंत्री होते रामदास आठवले. युक्ती अशी की गटारात आणि टाकीत मेलेल्यांची नोंद 'धोकादायक सफाई' या वेगळ्या रकान्यात होते. रकाना बदलला की मैला साफ करताना मेलेला माणूस उरतच नाही. आपल्या चळवळीतून गेलेल्या मंत्र्याच्या सहीने हे व्हावं, याबद्दल आम्ही आणखी काय लिहायचं.

आता टाकीत काय असतं ते बघा, कारण 'दोन मिनिटांचं काम' म्हणणारे बहुतेक जण ते जाणत नाहीत. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तोच वायू नाकाची वास घेण्याची ताकद मारतो. 'आता वास येत नाही, उतर' असं वाटतं तेव्हाच धोका सर्वात मोठा असू शकतो. काठीने गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो. पेटता दिवा सोडून बघायची विहिरीवरची जुनी रीत इथे करू नका. टाकीत मिथेन असतो, दिवा म्हणजे स्फोटाला आमंत्रण. विहीरही निर्धोक नाही. एप्रिल 2024 मध्ये नेवासा तालुक्यात शेण साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण गेले. वायू जात बघत नाही. पण तिथे माणसं अजाणता उतरली. टाकीत माणूस पैसे देऊन, वायू आहे हे माहीत असताना उतरवला जातो. तो कुठल्या वस्तीतून आणायचा हे ठेकेदाराला पाठ असतं.

पाइप गाळ का ओढत नाही? कारण काकांनी ती टाकी बारा वर्षांत उघडलीच नव्हती. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. वर्षानुवर्षं तसाच ठेवला, त्यात वाळू, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड जाऊ दिले, वर फरशी टाकून झाकणच बुजवलं, की शेवटी माणूसच लागतो. त्या मुलाला उतरवण्याची तयारी अशी बारा वर्षं चालली होती. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिकमधल्या सिन्नर नगरपरिषदेने मार्ग दाखवला आहे: तीन वर्षांच्या फेरीत घरोघरच्या टाक्या आळीपाळीने गाडीने उपसायच्या. भरून वाहण्याची वाटच बघायची नाही. ही मागणी आपल्या गावच्या नगरपालिकेपुढे किती शाखांनी ठेवली आहे? जयंतीच्या मंडपाची परवानगी मागायला आपण दरवर्षी तिथे जातोच.

तोवर ठेकेदाराला बोलावताना फोनवरच विचारा: पाण्याचा जोरदार फवारा मारणारा पंप आहे का? पाइप किती फूट? घट्ट गाळ पाणी मारून पातळ करायचा आणि मग ओढायचा, हे जमत असेल तरच ये, आणि कुणीही आत उतरणार नाही हे चिठ्ठीवर लिहून दे. मैला कुठे रिकामा करणार तेही विचारा. गाडी रात्री नाल्यात किंवा कुणाच्या शेतात ओतली जात असेल, तर तुमच्या घरची घाण दुसऱ्याच्या विहिरीत निघेल. दर जास्त पडेल. पडू द्या.

1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. आपल्या आजोबा-पणजोबांनी पुढे गावोगावी मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं, त्यासाठी बहिष्कार सोसला. त्या नकाराच्या जोरावर काकांची नोकरी, बंगला आणि हे परस उभं आहे. त्याच परसात 'आपल्यातला नाही' म्हणत आपण वाल्मिकी, मेहतर, मांग किंवा कुठून तरी कामाच्या शोधात आलेल्या पोराला खाली सोडतो, तेव्हा आपण नेमकं काय नाकारलं होतं, असा प्रश्न आम्ही काकांना विचारला. काका बोलले नाहीत.

बोलला तो मुलगा, आणि आमच्यावरच उखडला. "माझे पाचशे गेले. तुम्ही गेल्यावर मी दुसरीकडं उतरणारच आहे." यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. कायद्यात पुनर्वसनाची तरतूद आहे, पण त्यासाठी आधी यादीत नाव लागावं लागतं, आणि ठेकेदाराच्या रोजंदारीवरच्या पोराचं नाव कुठल्याच यादीत नसतं. दोन आठवड्यांनी आम्ही त्याला घेऊन नगरपालिकेत गेलो. बाबूने विचारलं, "कामाचा पुरावा काय?" मुलाने हात पुढे केले.

टाकी दुसऱ्या दिवशी पंपाची गाडी आणून साफ झाली. काकांना अडीच हजार जास्त पडले. अर्ज अजून नगरपालिकेत आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे, आणि या वेळी काका बरोबर येतो म्हणाले आहेत.