मोडीचा भाव

तापी-गिरणेच्या काठी राहणाऱ्या आपणा खान्देशवासीयांस आगबोट हे वाहन तसे परकेच. तरीही शिखरजीच्या यात्रेनिमित्त अथवा व्यापारासाठी कोलकात्यास जाणाऱ्यांनी हुगळीवरील एका आगबोटीसाठी सवड काढावी. तिचे नाव ‘पी. एस. भोपाळ’. स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे १९४४ साली बांधलेली, सुमारे ६३ मीटर लांबीची ही चाकांची बोट. बोटीच्या तळाशी पंखा फिरायचा तर पाणी खोल हवे. दोन्ही बाजूंस पाणचक्कीसारखी चाके असली की उथळ पाण्यातही काम भागते. गाळाने भरणाऱ्या बंगालच्या नद्यांवर म्हणूनच अशा बोटींचे राज्य होते.

पुढे ‘भोपाळ’ निकामी होऊन मोडीत निघण्याच्या बेतात आली. बंदर प्रशासनाने मात्र ती एका खासगी कंपनीस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. दुरुस्ती कंपनीने करावी, पर्यटकांकडून उत्पन्न मिळवावे, मालकी बंदराचीच. आयुष्यभर कर्जप्रस्ताव तपासलेल्या मला ही मांडणी सत्कार-भाषणांहून अधिक भरवशाची वाटते.

केवळ अभिमानावर जहाज तरंगत नाही, हे आपण मुंबईत पाहिलेच. ‘विक्रांत’ १९९७ साली नौदलातून निवृत्त झाली, २००१ पासून लोकांनी ती संग्रहालय म्हणून पाहिली. देखभालीचा भार पेलेना. २०१२ मध्ये दारे बंद झाली आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींस ती मोडीत गेली. तिचे पोलाद बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलीत उतरले. आपल्यापैकी कुणाच्या दारात ती उभीही असेल!

ब्रिटनची ‘वेव्हर्ली’ ही चाकांची आगबोट १९७४ साली एका हौशी संस्थेस अवघ्या एका पौंडास मिळाली. खरी किंमत नंतर कळते. २०१९ मध्ये तिच्या बॉयलरसाठी २३ लाख पौंडांचे आवाहन करावे लागले. देणगीदार पुढे आले, कारण तिकीट काढून तिच्यात बसलेली माणसे हयात होती.

आपल्याकडे असे प्रेम लाभले ते पाचोरा-जामनेरच्या ‘पी. जे.’ला. ५६ किलोमीटरची ती चिमुकली गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. आता मार्ग रुंद व्हायचा आहे. तिचा एखादा डबा, एखादे इंजिन जतन करावे असे पुष्कळांच्या मनात आहे. तर मग शेड, रंगकाम व राखणदार यांचा वार्षिक खर्च किती आणि तो कोण उचलणार, हे दोन्ही गावांच्या व्यापारी मंडळींनी आधी कागदावर मांडावे आणि तो कागद घेऊनच रेल्वेकडे जावे.