तलावाकाठची जमीन : विकावी की राखावी?

(लेखक : एक निवृत्त महसुली कारकून, चौसाळा)

अलीकडे आपल्या राज्यात शहरवासीयांच्या सुट्टीवर चालणारा एक धंदा चांगलाच फोफावला आहे. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की मुंबई-पुण्याची मंडळी मोटारी काढून धरणाच्या वा तळ्याच्या काठी जातात, एक-दोन रात्रींपुरता बंगला, खोली किंवा तंबू भाड्याने घेतात आणि सोमवारी आपापल्या कामावर हजर होतात. पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा, महाबळेश्वरचे वेण्णा तळे, कोयनेच्या जलाशयाकाठचे तापोळे ही या धंद्याची ठाणी होत. शेतकऱ्यांच्या मासिकात या विषयाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर एवढेच की, ज्या जमिनीवर हा धंदा उभा आहे ती जमीन शेतकऱ्याची आहे, निदान कालपरवापर्यंत तरी होती. धंदा चांगला की वाईट, हा वाद आम्हांस घालावयाचा नाही. त्याचे उत्पन्न कोणाचे पदरात पडते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

धरणाकाठचा शेतकरी हा इतर शेतकऱ्यांसारखा नव्हे. तो एकदा नागवला गेलेला असतो. मुळशीचे खोऱ्यात टाटांचे धरण झाले तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, हे सर्वश्रुत आहे. तरीही धरण झाले आणि भाताची उत्तम खाचरे पाण्याखाली गेली. मावळात पवनेचे धरण १९७२ चे सुमारास पुरे झाले. त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडास मिळू लागले. परंतु ज्यांची शेते बुडाली त्यांतील अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे दशकानुदशके रेंगाळला. खोऱ्यातील काळी गेली आणि शेतकऱ्याकडे उरली ती वरच्या अंगाची वरकस, नाचणी-वरईची जमीन. जिला पूर्वी कोणी विचारीत नव्हते, त्याच वरकस जमिनीस आज पाण्याच्या देखाव्यामुळे मोल आले आहे. पहिली जमीन सरकारने सक्तीने घेतली. दुसरी मात्र शेतकरी आपल्या हाताने अंगठा उठवून देत आहे. पहिल्या वेळी इलाज नव्हता. दुसऱ्या वेळी इलाज आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जमीन हातची कशी जाते, हे मामलेदार कचेरीत ज्याचे आयुष्य गेले त्यास निराळे सांगणे नलगे. प्रथम गावातलाच एखादा ओळखीचा मनुष्य येतो. तो विसार म्हणून काही रक्कम हातावर ठेवतो आणि साठेखतावर सही घेतो. त्यासोबत 'कचेरीत खेटे घालण्याचा तुम्हांस त्रास नको' असे गोड बोलून कुलमुखत्यारपत्र करून घेतले जाते. या एका कागदाने शेतकऱ्याचे हात बांधले जातात. पुढे जमीन किती भावाने, कोणास आणि किती तुकड्यांनी विकली गेली, याची वार्ता त्यास फेरफाराची नोटीस आली म्हणजे लागते. कित्येकदा तीही लागत नाही. विसार घेतला त्या दिवशी घरात आनंद असतो. त्या पैशांत मुलीचे लग्न होते, एक मोटारसायकल येते, जुने देणे फिटते. पाच-सात वर्षांत रक्कम सरते. मग तोच मनुष्य आपल्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या बंगल्याच्या फाटकाशी राखणदार म्हणून उभा राहतो आणि मोटार आली की दार उघडतो.

आता थोडा हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ समजुतीकरिता घेतले आहेत. कोणीही आपल्या ठिकाणचे आकडे घालून तो पुन्हा मांडावा. समजा, वीस गुंठ्यांवर कोणी पोहण्याच्या हौदासह बंगला बांधला आणि वर्षातून ८० रात्री तो रात्रीस १२,००० रुपयांप्रमाणे दिला. एकूण आवक ९,६०,००० रुपये. दलाली, वीज, डागडुजी यांत निम्मे गेले असे धरले, तरी मालकास ४,८०,००० रुपये राहतात. राखणदारास महिना ८,००० रुपये धरले, तर वर्षाचे ९६,००० होतात, आणि ते वरील खर्चातच आले. आता त्याच शेतकऱ्याने जमीन न विकता बांधावर दोन साध्या, स्वच्छ खोल्या बांधल्या आणि वर्षातून ६० रात्री, जेवणासह खोलीस १,५०० रुपयांप्रमाणे दिल्या, तर आवक १,८०,००० रुपये. खर्च ८०,००० वजा जाता शिल्लक १,००,०००. खोल्या बांधण्यास भांडवल लागते ते पहिल्या दोन-चार वर्षांत या शिलकेतूनच फेडावे लागेल, हेही खरे. वाचक म्हणतील, राखणदारीचे ९६,००० आणि खोल्यांचे १,००,०००, यात अंतर ते काय? अंतर असे की, एके ठिकाणी तो नोकर आहे, दुसरे ठिकाणी धनी. त्याची नोकरी मालकाचे मर्जीवर आहे. सातबारा मात्र मुलाबाळांचे नावे चालू राहतो, उरलेल्या रानात पीक येतेच, आणि घरचे धान्य, दूध, भाजी पाहुण्याच्या ताटात शहरच्या भावाने विकली जाते.

ही केवळ कल्पना नव्हे. अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याकडे पाहावे. प्रवरेवरील हे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या भोवतीच्या शेंडी, रतनवाडी, घाटघर आदी गावांत महादेव कोळी व इतर आदिवासी समाजाची वस्ती आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही, असा निर्बंध महसूल अधिनियमात कलम ३६-अ घालून १९७४ पासून लागू झाला. या निर्बंधास नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, तेथे जमीन बहुतांशी मूळ धन्याकडेच राहिली. आज मे अखेरीस व जूनच्या आरंभी काजवे पाहण्यास शहरची माणसे तिकडे लोटतात, तेव्हा तंबू लावणारे, भाकरी-पिठले वाढणारे आणि वाट दाखविणारे यांत स्थानिक तरुण पुष्कळ असतात. बाहेरच्यांची मोठी हॉटेले तेथे नाहीत असे नाही. पण गावकऱ्याचे हाती पैसा येतो तो स्वतःच्या दारी येतो. जे त्यांच्यासाठी कायद्याने केले, ते आपण आपल्या शहाणपणाने करावे, असे आमचे मत आहे.

महाबळेश्वरचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. वेण्णा तळे १८४२ साली साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी करविले. आज त्याच्या आसपासच्या शेतकऱ्याने स्ट्रॉबेरी लावून पाहुण्यास पीक व मुक्काम ही दोन्ही एकाच बांधावर देण्याची रीत पाडली आहे. त्या फळास २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु बंगल्यांची दाटी, सांडपाणी आणि वृक्षतोड यांचा भार इतका झाला की २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला. ज्या पाण्यासाठी पाहुणा येतो तेच पाणी घाण झाले तर पाहुणाही जातो आणि पाणीही जाते, हा त्यातला बोध.

मोठ्या कंपन्यांच्या आश्वासनांविषयीही दोन शब्द लिहितो. वरसगाव धरणाच्या काठी 'लवासा' नावाचे तलावाकाठचे शहर वसविण्याचा घाट घातला गेला. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस दिली आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. कंपनी बुडते तेव्हा तिची देणी कोर्टात लागतात. विकलेली जमीन मात्र शेतकऱ्याचे घरी आपोआप परत येत नाही.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे वळू. चौसाळ्याहून बीडास जाताना पालीजवळ बिंदुसरेचा तलाव लागतो. पावसाळा चांगला झाला आणि तो सांडव्यावरून वाहू लागला की बीडची माणसे पाहावयास जमतात. माजलगावास सिंदफणेवर मोठे धरण आहे, धनेगावास मांजरेचे आहे. पुण्या-मुंबईची लाट आपल्याकडे अद्याप त्या जोराने आलेली नाही. परंतु राष्ट्रीय महामार्ग रुंद झाल्यापासून अंतरे तुटली आहेत, आणि लाट येण्यापूर्वी दलाल येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आपला शेतकरी कर्जाने वाकलेला. कित्येक घरे दसरा-दिवाळी होताच कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. अशा घरास रोख रकमेचा मोह पडला तर नवल नाही. पण ज्याच्याकडे जमीन आहे तो निदान पावसाळ्यात परत येतो. जमीन गेली की परत येण्याचे ठिकाणच राहत नाही.

तितकीच दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. आपली धरणे मावळातल्या धरणांसारखी दरसाल भरत नाहीत. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. कोरड्या तलावाकाठी कोण पाहुणा येणार? म्हणून या धंद्याच्या भरवशावर शेती सोडणे हा वेडेपणा होईल. ज्वारी, तूर, दुभते जनावर हा पाया आणि पाहुणा हा जोडधंदा, असाच क्रम आपल्याकडे ठेवावा लागेल.

ज्यांची जमीन अशा ठिकाणी आहे त्यांस आमच्या पुढील सूचना आहेत.

पहिली : कोणत्याही दलालास कुलमुखत्यारपत्र देऊ नये. जमीन भाड्याने द्यावयाची झाल्यास मुदत थोडी ठेवावी, भाडे दर काही वर्षांनी वाढेल असे कलम घालावे, आणि मुदत संपल्यावर बांधकामाचे काय होईल हे स्पष्ट लिहून घ्यावे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. कोऱ्या वा साध्या कागदावर विसंबू नये.

दुसरी : आपले दप्तर आधी साफ करावे. वारसाची नोंद, पोटहिश्शाची मोजणी, शेतात जाण्याची वाट, आणि आपल्या मराठवाड्यात १९५४ चे खासरापत्रक, ही सर्व जुळवून घ्यावी. बहिणींची नावे लपवून केलेला व्यवहार कायद्यात टिकत नाही, आणि घरातही टिकत नाही.

तिसरी : तलावाची संपादित हद्द कोठवर आहे ते पाहावे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन आपल्या मालकीची नव्हे. ती पिकाकरिता मिळाली असली तरी तेथे तंबू ठोकण्याचा हक्क त्यातून येत नाही. पाणी अचानक चढते, आणि बुडून मेलेल्या पाहुण्याचा जाब जागा देणाऱ्यास द्यावा लागतो.

चौथी : सरकारचे कृषिपर्यटन धोरण २०२० सालचे आहे. त्यान्वये वैयक्तिक शेतकऱ्यास तसेच कृषी सहकारी संस्थेस पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. बिनशेतीचे नियम अलीकडे वरचेवर बदलले आहेत, सबब कोणत्या बांधकामास कोणती परवानगी लागते हे तहसिलीत लेखी विचारावे आणि लेखी उत्तर घ्यावे. तोंडी 'चालेल' या शब्दास दप्तरात किंमत नाही.

पाचवी, आणि आमचे मते सर्वांत महत्त्वाची : एकट्याने हे करू नये. पाच-दहा खातेदारांनी संस्था करावी, भाव एक ठेवावा, कचरा-सांडपाण्याचा बंदोबस्त एकत्र करावा, आणि दारू व गोंगाट यांविषयी एकच नियम सर्वांनी पाळावा. एकाने कमी भावात दिले की दुसरा बुडतो, आणि दोघे बुडाले की दलाल तरतो.

एखाद्यास दुखण्यापायी वा सावकारापायी विकणेच भाग पडेल, हे आम्ही जाणतो. त्यास आम्ही दोष देत नाही. त्याने निदान सगळी न विकता थोडी विकावी, आणि पाण्याकडील बाजू आपल्याकडे ठेवून मागील बाजू द्यावी. मागची जमीन पुन्हा कोठेही मिळेल; पाण्याकाठची मिळणार नाही.

तलावाचे पाणी आपल्या बापजाद्यांच्या शेतांवर उभे आहे. त्या पाण्याचा देखावा पाहण्यास लोक पैसे मोजून येत असतील, तर त्या पैशांवर पहिला हक्क काठच्या कुळवाड्याचा आहे. तो हक्क कोणी हिरावून नेण्याआधी आपण तो सही करून देऊ नये, इतकीच शेतकरी बंधूंस विनंती आहे. ज्यांचे मत याहून वेगळे असेल त्यांनी ते या मासिकात अवश्य मांडावे. विषय सर्वांच्या विचाराचा आहे.