राजधानी नकाशावर शोधा

पुण्यात घर घेताना ‘सांस्कृतिक राजधानी’ या दोन शब्दांचे पैसे आपण निमूटपणे मोजतो. ती राजधानी नकाशावर नेमकी कुठे आहे, हे मात्र पाहत नाही. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून जंगली महाराज रस्त्यावर आहे, भरत नाट्य मंदिर सदाशिव पेठेत, तर १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव आता मुकुंदनगरात भरतो. नवे गृहप्रकल्प उभे राहतात वाघोलीला नाहीतर हिंजवडीला. मेट्रो आली की, असं कुणी म्हणेल. पण रात्री साडेनऊचं नाटक सुटेपर्यंत शेवटची मेट्रो निघून गेलेली असते, आणि पंधरा-वीस किलोमीटरच्या रिक्षाभाड्यात आणखी एक तिकीट आलं असतं.

शहर पसरतं तशी कलाही पसरेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह झालं, चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह. पण ही दोन्ही महापालिकांनी बांधली, बिल्डरांनी नव्हे. माहितीपत्रकातल्या ‘ॲम्फी थिएटर’मध्ये बहुधा वाढदिवसाचे केक कापले जातात. म्हणून नाट्यगृहांजवळच्या, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतलं लहान घरही नाटकवेड्यांना महाग पडत नाही. वर्षाला दोनच प्रयोग पाहणाऱ्यांनी खुशाल लांब, मोठं घर घ्यावं. फक्त संस्कृतीच्या नावाखाली चौरस फुटामागे एक रुपयाही जास्त देऊ नये.