पाचवा ड्रायव्हर कागदावर का नव्हता?

रायपूरच्या जी. ई. रोडवरील तात्यापारा ही जुनी मराठी वस्ती. 'पारा' म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात येत गेली आणि १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केल्यानंतरही ती येथेच राहिली. या वस्तीची थोरवी सांगताना वकील, शिक्षक व सरकारी नोकर यांचा उल्लेख होतो. ज्यांनी उभे आयुष्य टिपरच्या चाकामागे घालवले, त्यांचा होत नाही. त्यांच्यापैकी काही वृद्ध आजही संध्याकाळी चहाला एकत्र बसतात. त्यांच्या आठवणी आम्ही ऐकल्या. त्या केवळ कौतुकाने ऐकून सोडून देण्याजोग्या नाहीत, म्हणून हा लेखप्रपंच.

या माणसांना आपल्या कामाचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. भरलेली गाडी खाणीच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये कशी काढावी, ओला मुरूम हौद्याला चिकटून बसला असता हौदा पूर्ण उचलला तर वरचा भार एका बाजूस जाऊन गाडी कशी उलटते, उचललेल्या हौद्याखाली आधार दिल्याशिवाय क्लीनरला का जाऊ देऊ नये, हे ज्ञान त्यांना कोणत्याही शाळेने दिले नाही. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि त्यानंतर या प्रदेशात लोहखनिज, चुनखडी, गिट्टी व कोळसा यांची रीघ लागली. ती रीघ अशाच हातांनी चालविली.

अभिमानाच्या या गोष्टी संपल्या की हटकून एक वाक्य येते : "आमचा शेठ देवमाणूस होता." दिवाळीला मिठाई द्यायचा, मुलीच्या लग्नाला उचल द्यायचा, नावाने हाक मारायचा. येथेच आमचा मतभेद सुरू होतो. जे इतिहासकार व स्मरणिकाकार 'त्या काळी मालक-नोकर एका कुटुंबासारखे होते' असे लिहून मोकळे होतात, त्यांच्याशी तर आमचा उघड वाद आहे.

या कुटुंबाचा हिशेब पाहू. सुमारे तीस वर्षे एकाच मालकाकडे गाडी चालविलेल्या एका वृद्धाला आम्ही विचारले, नियुक्तिपत्र होते? नव्हते. पगारपत्रक? नव्हते, फेरीमागे पैसे आणि रोजचा भत्ता मिळे. भविष्यनिर्वाह निधी? नाही. ग्रॅच्युइटी? हा शब्दच त्यांनी प्रथम आमच्याकडून ऐकला. तीस वर्षांच्या नोकरीचा पुरावा म्हणून त्यांच्यापाशी उरला आहे तो एक जीर्ण लायसेन्स. ते म्हणाले, "गाडी माझ्या हातात होती. पण मी कोणाच्या वहीत होतो, ते मला कधी कळलं नाही."

हे वाक्य नीट समजून घेतले पाहिजे, कारण सारे रहस्य त्यात आहे. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती, साप्ताहिक सुटी, जादा कामाला दुप्पट वेतन आणि बालकांना कामावर ठेवण्यास मनाई, हे सर्व त्या कायद्यात होते. मात्र पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगालाच तो लागू होत असे. मग मालकांनी काय केले? ड्रायव्हर सांगतात की, एक गाडी शेठच्या नावावर, दुसरी पत्नीच्या, तिसरी भावाच्या, चौथी मेहुण्याच्या. अंगण एक, डिझेलचा पंप एक, मुनीम एक, ठेका एक. पण कागदावर प्रत्येक 'मालका'कडे दोनच माणसे. पाचवा ड्रायव्हर कधी जन्मालाच आला नाही! शेठचे कुटुंब खरोखरच मोठे होते. ते कायदा चुकविण्याइतके मोठे होते आणि त्यात ड्रायव्हरला जागा नव्हती.

आणि मुनीम मराठी होता, ड्रायव्हरही मराठी होता, याने काय फरक पडला? गणपतीच्या मांडवात दोघे शेजारी बसत. परंतु दुसऱ्या दिवशी पंक्चरचा खर्च ड्रायव्हरच्याच भत्त्यातून कापला जाई. खतावणीला मातृभाषा नसते.

हा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. दुर्दैवाने तो जुना झालेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. या संहितेत मोटार परिवहन उद्योगासाठी कामगारसंख्येची अट पाचावरून दहावर नेली आहे. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत १९७० च्या कायद्यातील २० ची मर्यादा ५० झाली आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र मिळणार, असा डिंडिम सरकार पिटत आहे. पण ज्याच्याकडे नऊ माणसे आहेत, तो मालक मुळात संहितेच्या व्याख्येतच सहसा बसत नाही. शेठला जे मेहुण्याचे नाव वापरून करावे लागत होते, ते आता संसदेने सन्मानपूर्वक करून दिले आहे. याला 'व्यवसायसुलभता' म्हणतात. ज्याच्या मानेवर जू आहे, त्याला कोणती सुलभता मिळाली?

मालकांचा युक्तिवाद आम्हांला ठाऊक आहे. 'आम्हीही कधीकाळी ड्रायव्हरच होतो. एक-दोन गाड्यांच्या कर्जाचे हप्ते भरताना जीव मेटाकुटीला येतो; कायदे लादाल तर धंदा बुडेल.' स्वतः गाडी चालविणाऱ्या कर्जबाजारी गाडीवानाबद्दल हे खरे आहे आणि त्याच्याशी आमचे भांडण नाही. वाहतुकीचा दर तो ठरवीत नाही. मोठा कारखाना व बडा ठेकेदार ठरवितात. दर इतका खाली दाबला जातो की क्षमतेपेक्षा अधिक भार भरल्याशिवाय फेरी परवडत नाही. आणि नाक्यावर गाडी अडली की समोर असतो तो ड्रायव्हर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. भार भरण्याचा हुकूम देणारा तेव्हा आपल्या गादीवर लोळत असतो. छोट्या गाडीवानाचे दुःख पुढे करून बड्या ठेकेदाराने स्वतःची सुटका करून घ्यावी, हे ढोंग चालू देता कामा नये.

परंतु दोष केवळ मालकांना देऊन आम्ही थांबणार नाही. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींत जे कंत्राटी मजूर खनिज फोडून मालमोटारींत भरीत, ते १९७७ साली संघटित झाले. २ व ३ जून रोजी पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील अकरा जणांचे प्राण गेले. तरीही त्यांची संघटना मोडली नाही, आणि १९८३ साली त्यांनी आपल्या श्रमातून शहीद रुग्णालय उभे केले. त्या काळी तुम्ही काय केलेत, असे विचारता आमचे वृद्ध मित्र क्षणभर गप्प झाले. मग एक जण म्हणाला, "आम्ही स्वतःला उस्ताद समजत होतो. फावडं मारणाऱ्यांबरोबर कशाला बसायचं?" ही प्रांजळ कबुली शंभर भाषणांपेक्षा मोलाची आहे. स्टीअरिंग व फावडे यांच्यातील हे अंतर हीच मालकाची खरी पुंजी होती.

ती पुंजी आजही शाबूत आहे. जानेवारी २०२४ च्या आरंभी अपघात करून पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेच्या तरतुदीविरुद्ध देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि दोन दिवसांत सरकारला नमते घ्यावे लागले. हे सामर्थ्य ड्रायव्हरांचे. पण दिल्लीत सरकार बोलणी करण्यास बसले ते ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, म्हणजे वाहतूकदारांच्या संघटनेशी. चाक थांबविले एकाने, खुर्चीवर बसला दुसरा! स्वतःची संघटना नसलेल्या वर्गाच्या वतीने त्याचा मालकच बोलतो, याहून स्पष्ट धडा कोणता हवा?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पाचाची मर्यादा पुन्हा आणा. एक अंगण, एक मुनीम व एक ठेका असेल तेथे गाड्या कोणाच्याही नावावर असोत, उद्योग एकच धरा. जिवाला धोका असलेली कामे अधिसूचित केल्यास एका कामगारालाही संहिता लागू करता येते. टिपरचे काम तसे आजच अधिसूचित करा. आणि ज्यांच्यापाशी कागद नाही अशा वृद्ध ड्रायव्हरांच्या सहकाऱ्यांची साक्ष नोकरीचा पुरावा म्हणून स्वीकारून त्यांना निवृत्तिवेतन द्या.

तात्यापाऱ्यातील तरुणांना एकच सांगणे. संध्याकाळी या वृद्धांपाशी वही घेऊन बसा. कोणती गाडी, कोणती साले, कोणती खाण, बरोबर कोण होते, पंक्चरचे पैसे कोणी कापले, हे सारे तारीखवार उतरवून घ्या व खाली त्यांची सही घ्या. मालकाच्या वहीत ज्यांची नोंद झाली नाही, त्यांची नोंद आता कामगारांच्या वहीत झाली पाहिजे. देवमाणसांच्या कथा पुष्कळ झाल्या. आता हिशेब मांडू या.