निदानाची किंमत कोणी द्यायची?

‘रोगाचे निदान वेळेत झाले पाहिजे’ हे वाक्य उच्चारायला कोणालाच खर्च येत नाही. खर्च येतो तो रोगाची पहिली खूण पाहणाऱ्याला, आणि तो मंत्रालयात बसत नाही. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावसारख्या गावात खोकणारे डुक्कर प्रथम दिसणार ते डुकरे पाळून पोट भरणाऱ्याला. ताप प्रथम जाणवणार तो रोजाने राबणाऱ्या मजुराला. खबर द्यावी तर कळप मारला जाण्याची भीती. दवाखाना गाठावा तर दिवसाची मजुरी बुडते. त्यांच्या मौनाला ‘अज्ञान’ म्हणणे हा सुखवस्तूंचा उर्मटपणा होय. ते मौन हा पोटाचा हिशेब आहे.

या हिशेबाची किंमत मलेशियाने मोजली. १९९८ मध्ये तेथील डुक्करपालकांना मेंदूज्वर होऊ लागला. तो डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर समजून फवारणी व लसीकरण चालू राहिले. घाबरलेल्या मालकांनी डुकरे मिळेल त्या भावाने विकली आणि रोग दुसऱ्या प्रांतात पोचला. निपाह विषाणू ओळखला गेला तो मार्च १९९९ मध्ये. अखेर १०५ माणसे दगावली; दहा लाखांवर डुकरे मारावी लागली.

केवळ प्रयोगशाळा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यात असूनही स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातच गेला. ती साथ माणसाकडून माणसाकडे पसरत होती. तरी इजिप्तच्या सरकारने डुकरांची सरसकट कत्तल केली आणि कैरोतील कचरा गोळा करणारे गरीब नागवले गेले.

तिजोरीत पैसा नाही, ही सबब आता चालणार नाही. २०२२ मध्ये लम्पीने दगावलेल्या गाईमागे महाराष्ट्र सरकारने ३०,००० रुपये दिले. जे गाईसाठी शक्य झाले, ते डुकरासाठी अशक्य का ठरावे? गाईच्या मालकाला मत आहे, तसे डुकराच्या मालकालाही आहे. फक्त त्याची संघटना नाही.

ती उभी करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. खबर देणाऱ्याला बाजारभावाने भरपाईची आगाऊ हमी, तपासणीच्या दिवसाची मजुरी, आणि आरोग्य व पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांची गावपातळीवर एकच नोंदवही, या तीन मागण्या प्रत्येक ग्रामसभेत मांडल्या पाहिजेत. खरे बोलणाऱ्याला उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्थेला रोग नेहमी उशिराच कळणार.