आधी गणना, मग शिबिर

अंध मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेणारा श्रावणबाळ आपल्या घराघरांत पूज्य आहे. निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेला महाराष्ट्र शासनाने त्याचेच नाव दिले आहे. त्या कथेतला एक तपशील मात्र आपल्या ध्यानात येत नाही. श्रावणाला आपले आईवडील अंध आहेत हे ठाऊक होते. आपल्या समाजाला आपले किती आईवडील दृष्टिहीन झाले आहेत, हे तरी ठाऊक आहे काय?

देशपातळीवर याचे उत्तर उपलब्ध आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. २०१५ ते २०१९ या काळात दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राने ३१ जिल्ह्यांत पन्नाशीपुढील ८५ हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले. त्यांत १.९९ टक्के लोक अंध आढळले. २००६-०७ च्या पाहणीत हेच प्रमाण ३.६ टक्के होते. ही प्रगती निःसंशय अभिमानास्पद आहे, आणि तिच्यात सरकारी रुग्णालयांइतकाच सेवाभावी संस्थांचाही वाटा आहे.

परंतु त्याच अहवालातील अन्य आकडे आपल्याला अंतर्मुख करणारे आहेत. निरक्षरांमध्ये अंधत्वाचे प्रमाण ३.२३ टक्के, तर दहावी व त्यापुढे शिकलेल्यांमध्ये अवघे ०.४३ टक्के. ऐंशीच्या पुढे ते ११.६ टक्क्यांवर जाते. आणि अंधत्वाच्या कारणांत ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचा, म्हणजे छोट्याशा शस्त्रक्रियेने दूर होऊ शकणाऱ्या विकाराचा! याचा अर्थ स्पष्ट आहे. उपचार आहे, पण तो शेवटच्या माणसापर्यंत पोहोचलेला नाही. दीनदयाळजींनी ज्याला अंत्योदय म्हटले, त्याची हीच कसोटी नव्हे काय?

एकतीस जिल्ह्यांच्या सरासरीत अक्राणी-अक्कलकुव्याचे पाडे किंवा भामरागडची गावे दिसत नाहीत. त्यांची स्थिती जाणून घ्यायची तर तेथेच जायला हवे. येथे आपल्या शिबिरांची मर्यादा उघड होते. शिबिरात येतो तो ज्याला वाट दिसते, ज्याचा मुलगा गाडीवर बसवून आणतो, तो. ज्याला दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नाही, ती म्हातारी डोंगरावरच्या झोपडीतच राहते. मग ‘पाचशे जणांची तपासणी, सत्तर शस्त्रक्रिया’ अशी बातमी छापून येते, पण राहून गेलेल्यांची संख्या कोणीच लिहीत नाही.

त्यातही काळवेळेचा प्रश्न आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थंडीतच करावी, हा जुना समज अजून गेलेला नाही. शिबिरेही पुष्कळदा हिवाळ्यातच भरतात. नेमकी दिवाळीनंतर सातपुड्यातली धडधाकट माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि लहान पोरे. रुग्णालयात सोबत कोण जाणार? डोळ्यांत औषध कोण घालणार? वनवासी बांधव उदासीन आहेत, असा शेरा मारण्यापूर्वी आपले वेळापत्रक तपासून पाहावे, हे बरे.

पाहणीची पद्धत अवघड नाही. पन्नाशीपुढील प्रत्येकाची घरोघर जाऊन नोंद करायची, आणि ‘ई’ चिन्हाचा तक्ता ठरावीक अंतरावर धरून त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते हाताने दाखवायला सांगायचे. त्यासाठी अक्षरओळख लागत नाही. प्रशिक्षित कार्यकर्ता हे काम करू शकतो. कारणाचे निदान मात्र नेत्रतज्ज्ञानेच करावे. पथ्य एकच. घरी सापडले तेवढेच मोजून परतू नये. डोळस माणूस शेतावर असतो, अंध घरी असतो. संध्याकाळी पुन्हा फेरी केली नाही, तर गणनाच चुकते. आणि अंध आढळलेल्या प्रत्येकाला ‘शस्त्रक्रिया का झाली नाही?’ असे अवश्य विचारावे. त्या उत्तरांतूनच पुढील कामाची दिशा मिळेल.

आणखी एक कटू सत्य. याच राष्ट्रीय पाहणीत ७.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेली गुंतागुंत हे आढळले. म्हणजे शस्त्रक्रिया करून आपले कर्तव्य संपत नाही. महिन्याभराने त्याच पाड्यावर जाऊन ‘आजी, आता दिसतं का?’ असे विचारणारा कोणी हवा.

संघ परिवाराच्या विविध संस्थांचे कार्यकर्ते आज दुर्गम भागात पोहोचले आहेत. वनवासी कल्याण आश्रमाचे काम १९५२ पासून चालू आहे. दिव्यांगांसाठी ‘सक्षम’ ही संघटना नेत्रदानाचा प्रसार करते. पाड्यापाड्यांवर ओळखी असलेले असे मनुष्यबळ फार थोड्यांजवळ आहे. त्याचा उपयोग शिबिराचा मंडप उभारण्यापुरताच करायचा, की ज्यांच्यापर्यंत मंडप पोहोचत नाही त्यांची यादी करण्यासाठी?

शहरातील वाचकांनीही देणगी देताना एकच प्रश्न विचारावा. किती शस्त्रक्रिया झाल्या, हा नव्हे. किती जण राहिले, हा. ज्या दिवशी त्याचे नेमके उत्तर आपल्या कार्यकर्त्याच्या वहीत असेल, त्या दिवशी श्रावणबाळाचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल.